आठव्याचं पोर

सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, हे धरमतरच्या खाडीकाठी कुणाला शिकवावं लागत नसे. का, ते मात्र विचारायचं नाही. सातव्या महिन्यातलं पोर तर आठव्यातल्याहून लहान, मग ते कसं जगतं, असं कुणी विचारलंच तर ठमाबाई उलट विचारायची, "तू बाळंत झालायस काय कदी?" विचारणारा बहुतेक वेळा पुरुषच असायचा आणि मग तो विडी शिलगावून दुसरीकडे बघायचा.

तर जनीला आठवा लागला होता आणि ती मिठागरावर होती. चैत्राचं ऊन तापलं होतं, वाफ्यांत मीठ धरलं होतं, आणि मीठ धरलं की आगऱ्याच्या घरात कुणी आजारी पडत नाही, मरतसुद्धा नाही, सगळं पावसाळ्यावर ढकलतात. ठमाबाईने तिला पाटी उचलू नकोस म्हणून बजावलं होतं. जनीने उचलली. दुपारी बांधावरच तिच्या पोटात कळ आली आणि दिवस मावळायच्या आत घरात पोर झालं. मुलगा. सुईण वेणूबाईने त्याला उलटं धरलं, थापटलं, तेव्हा मांजराच्या पिलाने करावा तेवढा आवाज त्याने केला. वेणूबाईने त्याला कापसात गुंडाळून बाजूला ठेवलं. तिला जनीचीच काळजी पडली होती, कारण रक्त थांबत नव्हतं.

जनी ही ठमाबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. आतेच्या घरात सून म्हणून आली तरी आते म्हणायचं तिने सोडलं नाही, आणि सासू म्हणून अहोजाहो करणं तर तिच्या तोंडाला कधी जमलंच नाही. ठमाबाईलाही ते नको होतं. पोटची मुलगी नव्हती, ती हौस तिने भाचीवर भागवून घेतली होती. म्हणून जनीला बैलगाडीत घालून अलिबागेच्या रस्त्याला लागताना ती सबंध वाट एकच गोष्ट देवाला सांगत होती, की एक जाणारच असेल तर धाकटं ने. पोर तिच्या पदरात कापसात गुंडाळलेलं होतं. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून आणलेलं. तिने पदर उघडून बघितलं नाही. जे जाणार आहे त्याचं तोंड बघू नये, मागाहून ते डोळ्यांपुढून हलत नाही.

मिशनच्या इस्पितळात तिने जनीला खाटेवर निजवलं आणि पदरातलं गाठोडं नर्सपुढे धरलं. म्हणाली, "ह्याचं काय करायचं ते करा."

नर्सने कापूस बाजूला केला. "अहो आजी, हा जिवंत आहे," ती म्हणाली, आणि पोराला घेऊन जवळजवळ पळतच गेली.

तिचं नाव कोकिळा. देशावरची, सडपातळ, आणि आवाज असा की कावळ्याने माघार घ्यावी. इस्पितळाच्या टोकाला एक लहान खोली होती, तिच्या दाराला काच होती. आत लाकडी पेट्या, पेट्यांत कापूस, कापसाच्या भोवती गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. अपुऱ्या दिवसांची पोरं तिथे ठेवत. सगळे तिला उबेची खोली म्हणत. आत नर्सशिवाय कुणी जायचं नाही, आणि जनीला तर ताप भरला होता, तिने त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता. म्हणजे आई एका टोकाला आणि पोर दुसऱ्या टोकाला, मधे सगळं इस्पितळ.

जनी शुद्धीवर आली तेव्हा तिने पोटावर हात ठेवला. मग आतेकडे बघितलं.

"गेलं?"

"न्हाय अजून," ठमाबाई म्हणाली. खरं तेच म्हणाली.

चांगदेव, म्हणजे जनीचा नवरा, एकदा येऊन गेला. काचेपाशी उभा राहिला, खाटेपाशी उभा राहिला. मिठागरावर माणूस कमी होता, तो परत गेला. ठमाबाई राहिली. इस्पितळाच्या मागे विहिरीजवळ तीन दगडांवर रांधायचं, व्हरांड्यात पडायचं आणि जनीच्या उशाशी बसायचं, असं तिचं चालू झालं. पाचवा दिवस आला तशी ती अस्वस्थ झाली. पाचवी पुजायची असते. सटवाई येते, पोराच्या कपाळावर लिहून जाते. पण जे राहणारच नाही त्याच्यासाठी देवीला कशाला बोलवायचं आणि तिला काय लिहायला लावायचं? ठमाबाईने पाट मांडला नाही. जनीने विचारलं नाही, म्हणून तिला बरं वाटलं.

कोकिळेचं मात्र वेगळंच चाललं होतं. जनीला दूध आलं तशी ती वाटी घेऊन आली आणि पिळून काढायला शिकवू लागली. पोराला चोखायची ताकद नव्हती, नळीने थेंब थेंब पाजायचं होतं. एवढ्यावर ती थांबली असती तर ठमाबाईने काही म्हटलं नसतं. पण तिने जनीच्या अंगाखालचं जुनं लुगडं बघितलं आणि त्याचा एक तुकडा मागितला.

"कशाला?" ठमाबाईने विचारलं.

"बाळाच्या गालाशी ठेवते. आईचा वास लागला की पोर शांत राहतं. आणि त्याच्याजवळचा तुकडा मी हिला आणून देते. भेटता येत नाही, तर एवढं तरी."

ती खरंच तसं करू लागली. एक तुकडा तिकडे जायचा, एक इकडे यायचा. इकडे आलेला तुकडा कोकिळा जनीच्या छातीवर ठेवायची आणि कावळ्याच्या आवाजात सांगायची की आज बाळाने डोळे उघडले, आज माझं बोट धरलं. जनी तुकडा नाकाशी नेत नसे. तो छातीवरच पडून राही. पण तो आला की तिची चोळी भिजायची. हे ठमाबाईने बघितलं.

तिला हे ठाऊक होतं. तिची पहिली मुलगी आठव्यातलीच. मांडीवर घेतली होती, पाजायला बघितलं होतं, नाव मनात ठरवलं होतं. ती गेली आणि दूध राहिलं. पोर नाही आणि दूध येतंय, यासारखी शिक्षा बाईला दुसरी नाही. शेजारचं पोर रडलं की चोळी भिजायची आणि ती भिंतीला डोकं लावून बसायची. शेवटी तिच्या सासूने, जी एरवी तिला पाण्यात पाहायची, तिनेच मोगऱ्याची फुलं आणून तिच्या छातीवर बांधली. मोगरा बांधला की दूध आटतं. त्या घरात तिला कुणी केलेली तेवढीच माया तिला आठवत होती. पुढे माहेरात, सासरात, भावकीत ज्या ज्या बाईचं पोर गेलं तिला ठमाबाईनेच फुलं बांधली. सगळे तिलाच बोलवायचे, तिचा हात हलका म्हणून.

आणि आता ही देशावरची पोरगी रोज चिंध्या नेऊन आणून जनीला त्याच विहिरीत ढकलत होती, असं तिला वाटलं.

"बाय, तिला माया लावू नको," ती एकदा कोकिळेला बाजूला घेऊन म्हणाली. "आठव्याचं हाय त्ये."

"मग काय झालं?" कोकिळा म्हणाली. "आठव्याचं असलं तरी भूक लागतेच की."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. लग्न न झालेली मुलगी, तिला काय सांगायचं.

विहिरीकाठी मोगऱ्याचं झुडूप होतं, कळ्यांनी लगडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाईने ओंजळभर फुलं खुडली, फडक्यात पसरली आणि जनीपाशी येऊन बसली. जनीची छाती दुखत होतीच, दगडासारखी झाली होती.

"हे बांदते," ठमाबाई म्हणाली. "सूज उतरल."

जनीने फुलांकडे बघितलं. मग आतेच्या तोंडाकडे बघितलं. मग हात वर केले, लहानपणी झबलं घालून घेताना करायची तसे. भाबडी पोर, असं ठमाबाईच्या मनात आलं आणि गाठ मारताना तिचे डोळे भरून आले.

रोज सकाळी ती ताजी फुलं बांधायची आणि संध्याकाळी सोडायची. एवढ्या उन्हाळ्यात, अंगाच्या तापात, संध्याकाळी सोडतानाही ती फारशी कोमेजलेली नसत. झुडूप जातिवंत आहे, असं तिला वाटे. कोकिळेला वास यायचा, पण बाळंतिणीला फुलं आवडतात असं समजून ती हसायची. ती हसली की ठमाबाईला तिच्याकडे बघवत नसे.

दूध आटू लागलं. वाटी अर्धी, मग तळाला, मग पुसून घ्यावं इतकंच. कोकिळेने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तापाने असं होतं. ताप तर उतरत आला होता. पोराला गाईचं दूध पाणी घालून दिलं, ते त्याने ओकून टाकलं. कोकिळेचं बोलणं कमी झालं. आता ती चिंधी आणून छातीवर ठेवायची तेव्हा आज बाळाने काय केलं ते सांगत नसे.

ताप गेला तसं ती जनीला म्हणाली, "चल, काचेतून तरी बघ."

"मना नको," जनी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ठमाबाईला हायसं वाटलं. वाटायलाच हवं होतं, तिच्या मनासारखंच झालं होतं. पण त्या दिवशी भात तिच्या घशाखाली उतरला नाही, ही गोष्टही खरी.

मग एका सकाळी पाणी तापवणारी आया आली नाही. कोकिळा एकटीच उबेच्या खोलीत होती आणि पाण्याच्या पिशव्या थंड पडत चालल्या होत्या. तिने दारातून हाक मारली, "आजी, विहिरीवर आहात तर चुलीवरचं आधण आणा." ठमाबाई आधणाची किटली घेऊन गेली. दाराशी ठेवून परत फिरणार, तर कोकिळा म्हणाली, "जरा धरा दार, माझे हात अडकलेत."

दार धरायचं म्हणजे आत बघायचं. ठमाबाईने जमिनीकडे बघितलं, पण जमिनीकडे किती वेळ बघणार. पेटी अगदी समोर होती.

ते रडत होतं. आवाज नव्हता, नुसतं तोंड उघडं, आणि सगळं अंग रडण्यात गेलेलं. कातडी म्हाताऱ्या माणसासारखी सैल. कोकिळेने जनीच्या लुगड्याचा तुकडा त्याच्या गालाशी सरकवला. पोर थांबलं. मग त्याने मान वळवली. एवढीशी मान, ती वळवायला त्याला केवढा जोर लावावा लागला ते ठमाबाईला दिसलं. त्याने चिंधीला तोंड लावलं आणि चोखायला लागलं. त्यात काही नव्हतं. तरी चोखत राहिलं.

"असं रोज करतो," कोकिळा म्हणाली. "आता चोखायला शिकलाय बघा. ताकद आली तेव्हा नेमकं दूध गेलं."

 ठमाबाईला तिची मुलगी आठवली. ती कधी रडली नव्हती. तिने काहीच मागितलं नव्हतं, तोंडात थेंब सोडला तर तो ओठाबाहेर यायचा. तिच्यानंतर ठमाबाईने कितीतरी पोरं जाताना बघितली होती आणि एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. ज्याला जायचं असतं ते मागत नाही. हे तर मागत होतं. पहिल्या दिवसापासून मागत असणार, आणि ती पदर न उघडता बसून राहिली होती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. ठमाबाईला हसायला काही नव्हतं. ती तशीच जनीच्या खाटेकडे गेली, चोळीची गाठ सोडली, फुलं काढून फडक्यासकट मुठीत धरली आणि बाहेर नेऊन उकिरड्यावर टाकली. जनी तिच्याकडे बघत होती.

"आते, काय झालं?"

"ऊठ," ठमाबाई म्हणाली. "काचेपाशी चल."

"मना नको म्हनलं ना."

"जने, ऊठ. तो चिंदी चोखतोय."

जनी उठून बसली. खाटेच्या कडेला धरून बराच वेळ बसून राहिली, मग पाय खाली सोडले. त्या दोघी भिंतीच्या आधाराने सगळं इस्पितळ ओलांडून त्या टोकाला गेल्या. जनीने काचेला कपाळ लावलं आणि ते तिथून काढलंच नाही. कोकिळा आतून पेटी पुढे सरकवत होती. जनी रडली नाही. तिचा श्वास काचेवर धरत होता आणि ती तो पदराने पुसत होती, पुन्हा धरत होता, पुन्हा पुसत होती.

त्यानंतर ठमाबाईने दूध परत आणायचा धोशाच घेतला. कोळणीला सांगून मुशी आणवली, भरपूर लसूण घालून तिचं कालवण केलं, कारण मुशीने दूध येतं हेही खाडीकाठी कुणाला शिकवावं लागत नाही. शेपूची भाजी, मेथ्या, खसखस, जे जे ऐकलं होतं ते ते तिने जनीला खाऊ घातलं. जनी मुकाट्याने खायची आणि वाटी घेऊन बसायची. पिळून पिळून तिची बोटं दुखायची. वाटीच्या तळाला कधी एक डाग दिसायचा, कधी तोही नाही. तेवढाही कोकिळा नळीत घेऊन जायची. पोर गाईच्या दुधातलं थोडं आता पोटात ठेवत होतं, कसं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

शेवटी कोकिळेने डॉक्टरांशी भांडण केलं. तिचं म्हणणं असं, की ताप गेला, आई स्वच्छ आहे, पोर चोखतंय, मग त्याला आईच्या अंगावर द्या, दूध आलं तर तिथेच येईल. डॉक्टर म्हणाले, पोराला गारठा बाधेल. कोकिळा म्हणाली, आईच्या अंगाला ऊब नसते का? डॉक्टर माणूस वाईट नव्हता. थोडा वेळ, आणि खिडक्या लावून, असं म्हणाला.

खिडक्या लावल्या. कोकिळेने पोराला आणलं आणि जनीच्या पदराखाली, उघड्या छातीवर ठेवलं. जनीने दोन्ही हात वर धरून ठेवले होते, लावायचे कुठे ते तिला कळत नव्हतं. कोकिळेने ते धरून पोराच्या पाठीवर ठेवले. "असेच असू देत," ती म्हणाली. मग उबेच्या खोलीतून दुसरं पोर रडलं म्हणून ती गेली.

पोराने मान वळवली, तशीच, सगळा जोर लावून. सापडलं त्याला. चोखायला लागलं. ठमाबाई त्याचे गाल बघत होती. गाल आत जायचे, बाहेर यायचे, पण घोट उतरल्याचं घशाला दिसत नव्हतं. मग त्याने तोंड सोडलं आणि तो त्याचा बिनआवाजाचा आकांत केला. पुन्हा धरलं.

ठमाबाईला ते सोसवलं नाही.

"जने," ती म्हणाली, "ती फुलं सुजेसाठी नव्हती."

जनीने पोराला थोडं वर सरकवलं.

"मीच आटवलं तुजं दूध. मना वाटलं, हे काय राहत न्हाय. माज्यासारखी गत तुजी होऊ नये. मना शिव्या दे, घराबाहेर काढ, काय पन कर. पन तुला ठावं नव्हतं आनि मी..."

"मना ठावं व्हतं," जनी म्हणाली.

ठमाबाईने पोरावरची नजर उचलून तिच्याकडे बघितलं.

"माज्या आयसचं पोर गेलं तवा तूच आली व्हतीस बांदायला. फुलं कोनी आनली व्हती? मीच आनली व्हती, परकराच्या ओच्यात. तू म्हनालीस, शानी माजी बाय, अजून आन." जनी पोराकडे बघत बोलत होती, आवाज अगदी हळू, त्याला ऐकू जाऊ नये असा. "तू पाचवी पुजली न्हायस तवाच मना कळलं, तू त्याला सोडलंस. मग मी पन सोडला. रोज ती चिंदी यायची, आते, आनि मना वाटायचं हे लवकर संपू दे. दुपारी तू व्हरांड्यात पडायचीस तवा मी भित धरून विहिरीवर जायची. सुकलेली काढून ताजी मीच बांदायची."

संध्याकाळी न कोमेजलेली फुलं ठमाबाईच्या डोळ्यांपुढे आली. झुडूप जातिवंत आहे असं तिला वाटलं होतं. ती खाटेच्या कडेला बसली. जनीच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण आपला हात हलका आहे असं लोक म्हणतात ते आठवलं आणि तिने तो मांडीवरच ठेवला.

पोर पुन्हा चोखत होतं. खूप वेळाने त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात ओलं काही दिसलं. जनीने ते बोटाने टिपलं, बघितलं, आणि बोट पुन्हा त्याच्या तोंडाला लावलं. कोकिळा पुढे सांगायची की काही जणींचं दूध पूर्ण परत येतं. जनीचं कधी पुरतं आलं नाही. पोर शेळीच्या दुधावर वाढलं आणि तिच्याजवळ नुसतं चोखायला यायचं. पण ते सगळं मागाहून. त्या दुपारी तो एक थेंब होता.

"आते," जनी म्हणाली. "ह्याला कदी सांगू नको."

"न्हाय सांगनार," ठमाबाई म्हणाली, आणि पोराच्या पाठीवरचा पदर सारखा केला. ते डोळे मिटून चोखत होतं. येत होतं तेवढं घेत होतं.